दादाची जुनी दहा गिअरची रेसर टाइम ट्रायलसाठी उभी करताना: कामाच्या नोंदी, राजेंद्रनगर, इंदूर

१० ऑगस्ट २०२५

सायकल १९८०च्या दशकातली. लोखंडी पाइप, लगच्या (पाइप जोडणाऱ्या बाह्यांच्या) जोडणीची फ्रेम, ड्रॉप हँडल, पुढे दोन आणि मागे पाच असे दहा गिअर. दादानं कॉलेजात असताना चालवली, नंतर ती गच्चीवरच्या खोलीत गेली. पुतणी आता दहावीत आहे, मैत्रिणीच्या हायब्रिड सायकलवर सराव करते आणि नोव्हेंबरात तिची वैयक्तिक टाइम ट्रायलची (एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत) निवड चाचणी आहे. नवी रोड सायकल घेणं सध्या दादाला झेपणार नाही. फ्रेमचा साइज तिला बरोबर बसतो, हे पाहिलं आणि काम हातात घेतलं. अशा सायकली इंदुरात घरोघरी पडून आहेत. कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

आज एकही नट ढिला केला नाही, फक्त मापं घेतली. मागचं चाक बसतं त्या दोन खाच्यांमधलं आतलं अंतर १२० मिमी. टायरवर २७ × १¼ असा आकडा, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३० मिमी. हल्लीच्या ७००सी रिमचा तोच व्यास ६२२ असतो. बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो ती बैठक) नळी ६८ मिमी रुंद. क्रँक (पेडलचा दांडा) लोखंडी, कॉटर पिनचा, १७० मिमी. रिम क्रोम केलेल्या लोखंडाच्या. सीट पिलर जाम, इंचभरही हलत नाही.

फ्रेम सरळ आहे का, हे सुतळीनं पाहता येतं. मागच्या एका खाच्यात सुतळी बांधायची, पुढे हँडलच्या पाइपाला वळसा घालून दुसऱ्या खाच्यात आणून ताणून बांधायची. मग सीटच्या उभ्या पाइपापासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजायचं. डावीकडे ३१, उजवीकडे ३० मिमी आलं. एवढ्या जुन्या फ्रेमला हे उत्तम आहे. हा फरक ५-६ मिमी आला असता तर पुढं पैसे घातले नसते.

पुतणीच्या पायाची आतली उंची ७४ सेंमी. तिला ०.८८३ नं गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची निघते, साधारण ६५.३ सेंमी. सुरुवातीला हाच आकडा धरायचा, मग गुडघा सांगेल तसा बदलायचा.

ठरलं ते असं: फ्रेम, चिमटा, हँडल, पाइपावरचे गिअरचे लिव्हर आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ठेवायचे. चाकं, ब्रेक, क्रँक, चेन, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि मागचा डिरेलर नवे. चाकांवर सगळ्यात जास्त खर्च होणार, आणि तो करायलाच हवा. क्रोमच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेकचे गुटके नुसते घसरतात. पंधरा वर्षांच्या मुलीला अशा ब्रेकवर राऊच्या ट्रॅफिकमध्ये पाठवायला मी तयार नाही.

१६ ऑगस्ट

कॉटर पिन. सगळा दिवस यातच गेला.

कॉटर पिन म्हणजे एका बाजूला तिरपा सपाट कट असलेली लोखंडी खुंटी. क्रँकमधून आरपार जाते आणि आसावरच्या खाचेत पाचरीसारखी बसते. बारीक टोकाला आटे असतात, त्यावर नट. चाळीस वर्षांत ती गंजून क्रँकशी एकजीव झालेली असते.

उजव्या बाजूची तुलनेनं सरळ निघाली. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाच्या पातळीत येईल इतका सोडायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनचं डोकं आत जाईल एवढ्या भोकाचा जाड पाइप जमिनीवर उभा करायचा आणि सायकलचं वजन त्यावर टेकवायचं. हा आधार फार महत्त्वाचा. तो नसेल तर हातोड्याचा सगळा दणका बीबीच्या छऱ्यांवर जातो आणि कपांत खड्डे पडतात. मग जड हातोड्याचा एकच सणसणीत घाव. दहा हलक्या ठोक्यांनी पिन निघत नाही, फक्त तिचं टोक पसरतं.

डाव्या पिनचं टोक आधीच कुणीतरी ठोकून पसरवलेलं होतं. नट पुढं सरकेना, पिन मागं जाईना. चार दिवस डिझेल आणि जुन्या ऑइलचं मिश्रण सोडत होतो, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी सायकल घेऊन कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी पिनवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "भिया, इसको अब ठोको मत, दबाओ।" त्यांच्या मोठ्या वाइसमध्ये पिनच्या एका बाजूला पाना-सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला वाइसचा जबडा असं धरून दाबलं. तरी जेमतेम अर्धा मिमी हलली. मग टोक कापून, मध्यबिंदूवर पोंच मारून आधी ४ आणि मग ६ मिमीचं ड्रिल घातलं. आतून पोकळ झाल्यावर पिनचा ताण सुटला आणि पुढच्या दाबाला ती बाहेर आली. दोन ड्रिल बिट बोथट झाले. उस्तादांनी शंभर रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले तेव्हा.

नवी कॉटर पिन घालायचीच नसेल, आमच्यासारखी, तर जुनीचा जीव वाचवण्यात वेळ घालवू नका. पहिल्या दोन घावांत हलली नाही तर सरळ ड्रिल.

२४ ऑगस्ट

बीबीचे कप. डावा कप साध्या आट्यांचा, लॉक रिंग सोडली की हातानं फिरतो. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. तो सोडायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवावा लागतो. ही गोष्ट माहीत नसल्यानं लोक पाइपची लांब दांडी लावून तो आणखी घट्ट करून ठेवतात.

कपाच्या कडेला पाना धरायला जेमतेम ३ मिमीची पट्टी असते, पाना सटकतो आणि हात सोलवटतो. इथं एक जुगत चालली. सियागंजातून जाड बोल्ट, नट आणि तीन-चार मोठे वायसर आणले, साठ रुपयांत. बोल्ट कपाच्या भोकातून आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना वायसर, आणि नटानं कपाला मध्ये करकचून आवळायचं. मग बोल्टचं डोकं घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं. कप नाही सुटला तर बोल्ट आणखी आवळला जातो, पकड वाढते, आणि शेवटी कपच फिरतो. लांब दांडीच्या पान्यानं एका झटक्यात सुटला. आतून वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस आणि गंजलेले छर्रे पडले.

आट्यांचा गेज लावून पाहिला, इंचाला २४ आटे. हे तपासल्याशिवाय नवी बीबी मागवू नका. जुन्या काही सायकलींत इंचाला २६ आटे असतात, त्यांत आजची प्रमाण बीबी बसत नाही.

सीट पिलरही आज निघाला. दोन्ही भाग लोखंडाचे असल्यानं नुसता गंज होता. पिलरचं वरचं टोक वाइसमध्ये धरलं आणि अख्खी फ्रेमच दोघांनी धरून फिरवली. आधी करकर, मग एकदम मोकळा. ॲल्युमिनियमचा पिलर लोखंडी फ्रेममध्ये अडकला असता तर हे इतकं सोपं नव्हतं, दोन धातूंची गंजून चांगलीच गाठ बसते.

परवा गणपती बसवायची तयारी. आता दहा-बारा दिवस सायकलकडे कुणी बघणार नाही.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. झांक्यांमुळे (मिरवणुकीतल्या चित्ररथांमुळे) जुन्या शहरात सामान घ्यायला जाणं शक्यच नव्हतं, आज दुकान अर्धं उघडं होतं तिथून सामान आणलं. क्रँक ॲलॉयचा, १६५ मिमी, पुढे ४८ आणि ३८ दाते, १,८०० रुपये. लहान चणीच्या मुलीला १७० पेक्षा १६५ चा क्रँक बरा, सीटवर पुढं वाकल्यावर गुडघा छातीकडं कमी येतो. बंद बेअरिंगची चौकोनी आसाची बीबी, ७०० रुपये.

बीबी घातली, क्रँक चढवला, आणि चेनव्हील बाहेरच्या बाजूला इतकं लांब गेलं की डोळ्यांनीच चूक दिसत होती. दुकानदारानं 'सगळ्यांना हीच लागते' म्हणून १२२.५ मिमीचा आस दिला होता. तो तीन चेनव्हीलच्या माउंटन सायकलचा. सीटच्या पाइपाच्या मध्यापासून दोन चेनव्हीलच्या मधोमध मोजलं तर जवळजवळ ५० मिमी. दोन चेनव्हीलच्या रोड सायकलला ४३.५ च्या आसपास हवं. आस ११० मिमीचा घेतला तर प्रत्येक बाजूला सहा मिमी आत येतो, हिशोब जुळतो. दुकानदार परत घेईना, कारण आट्यांना ग्रीस लागलं होतं. दुसरी बीबी ऑनलाइन मागवली. सातशे रुपये आणि एक आठवडा गेला.

बीबीच्या खोक्यावर दोन आकडे असतात: नळीची रुंदी आणि आसाची लांबी. क्रँकला आस किती लांबीचा हवा हे क्रँकच्या कागदावर असतं. दुकानात दोन्ही समोरासमोर ठेवून बघा.

१४ सप्टेंबर

मागचे दांडे फाकवले. नवं सात गिअरचं फ्रीव्हील घ्यायचं तर मागं १२६ मिमी जागा हवी, आपल्याकडं १२०. प्रत्येक बाजूला तीन मिमी. लोखंडी फ्रेमला हे चालतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला असं करायला कधीही जाऊ नये, ती वाकत नाही, तडकते.

फ्रेम आडवी ठेवून सागाची पाच फुटी फळी दोन दांड्यांच्या मधून घातली, टोक सीटच्या पाइपाला टेकवलं आणि फळी हळूहळू दाबली. लोखंड थोडं वाकून परत येतं. म्हणून दाबायचं, सोडायचं, मोजायचं. एका बाजूला तीन मिमी मिळाले की फ्रेम उलटवून दुसरी बाजू. प्रत्येक वेळी सुतळी लावून पाहिलं. शेवटी १२६.५ मिमी, दोन्हीकडे सुतळीचं अंतर सारखं. सगळं मिळून दीड तास. घाई केली असती तर एकाच बाजूला सगळा बाक गेला असता, कारण दोन्ही दांडे सारखे कडक नसतात. आमचा डावा दांडा लवकर वाकत होता.

त्यानंतर खाचे एकमेकांना समांतर आहेत का तेही बघावं लागतं. प्रत्येक खाच्यात एक लांब बोल्ट दोन नटांनी आवळला, दोन्हींची टोकं मध्ये जवळजवळ भिडतील अशी. उजव्या बोल्टचं टोक दोन मिमी खाली होतं. मोठ्या रिंच पान्यानं खाचा किंचित पिळून ती टोकं समोरासमोर आणली. हे सोडलं तर चाकाचा आस तिरपा बसतो आणि पुढं कधीतरी तुटतो.

२१ सप्टेंबर

चाकं. मला या कामातलं सगळ्यात आवडतं हेच आहे.

दुहेरी भिंतीच्या ॲलॉय रिम ७००सीच्या, ३६ भोकांच्या, जोडी २,००० रुपये. हब जोडी १,२००. आरे आणि निपल (आरे ताणणारे छोटे नट) ५००. मागचा हब १३५ मिमीचा मिळाला. डाव्या बाजूचा जाड स्पेसर काढून तिथं नऊ मिमीनं पातळ घातला, आस मधोमध सरकवला आणि जास्तीचं टोक करवतीनं कापलं. १२६ झाला. हबचे कोन (छर्रे दाबून धरणारे नट) आवळताना आस हलकाच फिरला पाहिजे, पण वर-खाली हलला नाही पाहिजे. या दोन्हींच्या मधली जागा नटाच्या फेऱ्याच्या आठव्या भागाइतकी बारीक असते. लॉकनट आवळला की ती पुन्हा बदलते, म्हणून दोन पाने लागतात.

पुढचं चाक तीन क्रॉसमध्ये (प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून) विणलं, दुपारपर्यंत झालं. मागचं अडलं. दुकानानं मागच्या छत्तीसही आऱ्यांची लांबी एकच दिली होती. मागं फ्रीव्हीलमुळे उजवी बाजू उभी असते, तिथं आरा आखूड लागतो. इथं निपल आट्यांच्या शेवटापर्यंत गेले, तरी आरे ढिलेच. उजव्या बाजूचे अठरा आरे २ मिमीनं आखूड करून आणावे लागले. दुकानातल्या मुलानं आटे पाडून दिले, पैसे घेतले नाहीत.

आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायला स्टँड नाही. फ्रेम उलटी ठेवली आणि मागच्या दांड्यांना दोन केबल टाय बांधून त्यांची टोकं रिमच्या दोन्ही बाजूंना एक-एक मिमीवर कापली. रिम ज्या टायला घासते तिथं खूण. आधी वर-खालीचा आउट, मग डावा-उजवा. प्रत्येक वेळी निपल पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही. चाक मधोमध आहे का ते बघायला चाक उलटं करून पुन्हा बसवायचं. दोन्ही वेळा टायपासूनचं अंतर सारखं आलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. आउट निघाल्यावर समांतर आऱ्यांची एकेक जोडी मुठीत धरून जोरात दाबायची, चाकभर. कटकट आवाज येतात, आरे हबच्या भोकांत नीट बसतात आणि निपलबरोबर पिळलेला आरा परत सुटतो. त्यानंतर चाक पुन्हा आउट होतं. पुन्हा काढायचं. दाबताना आवाज येईनासा होईपर्यंत हे चालू ठेवलं. रात्रीचे अकरा वाजले, पण आता चाक फिरवलं की रिम थांबल्यासारखी वाटते. बोटानं आरे वाजवले तर उजव्या बाजूचे सगळे एका सुरात, डाव्या बाजूचे त्याहून खालच्या सुरात. मागच्या चाकाला हे असंच असतं, उजवीकडं ताण जास्त.

२८ सप्टेंबर

रिम ६३० वरून ६२२ झाली म्हणजे ब्रेकच्या गुटक्यांना चार मिमी आणखी खाली जावं लागतं. जुना ब्रेक मागं दोन मिमी कमी पडला. ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंत मोजलं: पुढं ५८, मागं ६६ मिमी. ५५ ते ७३ मिमी रीचचे (म्हणजे याच अंतराचे) टेक्ट्रोचे आर ५५९ मिळाले, जोडी २,९०० रुपये. मागवताना एक गोष्ट नीट बघायची: जुन्या फ्रेमला मागून साधा नट लागणारा ब्रेक हवा. आत बुडणाऱ्या ॲलन नटचा घेतला तर फ्रेमचं भोक मोठं करावं लागतं.

केबल कापल्यावर आवरणाचं टोक आत दबतं. ते कानशीनं सपाट करायचं आणि टोकदार आऱ्यानं तोंड गोल उघडायचं. एवढ्यानं लिव्हर इतका हलका होतो की पुतणीनं विचारलं, काका, नवा लिव्हर घातला का? लिव्हर जुनाच आहे. हँडलच्या वरच्या भागातून दाबायचे जास्तीचे लिव्हर मात्र काढून टाकले. ते अर्धे वाकतात आणि ब्रेक पूर्ण लागत नाही.

गुटक्यांच्या मागच्या टोकाखाली दुमडलेलं पोस्टकार्ड ठेवून आवळले, म्हणजे पुढचं टोक आधी लागतं. किंचाळणं बंद.

हँडल सरळ केलं की मध्ये खटकन अडकत होतं. खालच्या कपात छऱ्यांचे खड्डे. जाळीतले छर्रे काढून त्याच मापाचे, ५/३२ इंचाचे सुटे छर्रे ग्रीसमध्ये भरले. जाळी नसल्यानं एक-दोन जास्त मावतात आणि ते जुन्या खड्ड्यांत बसत नाहीत. अडकणं गेलं.

कॉलनीत रिमवर पाणी ओतून ब्रेक दाबून पाहिला. धरतो.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. पाने, वाइस, चेन कटर आणि सायकल पूजेला. आईनं हँडलला झेंडूची माळ घातली. आज काम नाही.

५ ऑक्टोबर

पहिली लांब फेरी, राजेंद्रनगर ते महू आणि परत. मी मागं स्कूटरवर. टायर ७०० × २५, जोडी २,२००. राऊच्या पुढं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. महूच्या अलीकडं पुन्हा बसलं. सगळ्यांना वाटलं बाभळीचा काटा, पाऊस संपला की रस्त्याच्या कडेला ते पडलेलेच असतात. टायर आतून बोटानं चाचपला, काहीच नाही.

घरी येऊन दोन्ही ट्यूब पाण्यात बुडवल्या. दोन्हींची भोकं ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडच्या. म्हणजे काटा नव्हे. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आऱ्यांची मोठी भोकं असतात. दुकानातून आलेली प्लास्टिकची पट्टी हवेच्या दाबानं सरकली होती आणि ट्यूब भोकाच्या कडेवर फुगून कापली जात होती. कापडी चिकट रिम टेप लावला, रुंदी भोक पूर्ण झाकेल एवढी. दोन्ही चाकांना मिळून १८० रुपये. त्यानंतर त्रास नाही.

टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा. ट्यूबला भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठं शोधायचं ते लगेच कळतं, आणि भोक आतलं की बाहेरचं यावरून अर्धं निदान होतं.

दाबही कमी केला. पुतणीचं वजन ४५ किलो. पंपवाल्यानं दोन्हीकडं ११० पीएसआय भरून दिलं होतं, महू रोडच्या खडबडीत पॅचवर सायकल उड्या मारत होती. आता मागे ८०, पुढे ७५.

१२ ऑक्टोबर

गिअर. फ्रेमला डिरेलर बसवायची जागा नाही, त्यामुळे मागचा डिरेलर खाच्यात अडकवायच्या पट्टीवर. चेनची लांबी: मोठं चेनव्हील आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांवरून, डिरेलरमधून न नेता ओढून घ्यायची आणि त्यावर एक इंच जास्त. नवी चेन बारा इंचांत बरोबर चोवीस अर्ध्या कड्या मोजते. जुनीत तेवढ्याच कड्या १२ आणि १/८ इंचांपर्यंत गेल्या होत्या. एवढी ताणलेली चेन फ्रीव्हीलचे दातेही खाऊन टाकते.

चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकली की डिरेलर आऱ्यांना हलकंसं टेकत होता. मर्यादेचा स्क्रू आवळला तरी काही फेऱ्यांनी परत. चाक काढल्या-घातल्यावर पट्टी खाच्यात किंचित फिरते, हे कारण. पट्टीचा छोटा बोल्ट बसतो तिथं पॉलिश पेपर घासून खाच्याचा रंग उतरवला, मागं दातेरी वायसर घातला. आता पट्टी हलत नाही. हे दुर्लक्षिलं असतं तर चढावर डिरेलर आऱ्यांत गेला असता आणि चाक, मुलगी दोन्हींना इजा झाली असती.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत रोज पहाटे सुपर कॉरिडॉर. सपाट, रुंद, पहाटे मोकळा. टाइम ट्रायलसाठी इथला सराव चांगला होतो, फक्त वारा आडवा असतो.

डाव्या क्रँकमधून प्रत्येक फेऱ्याला एक टक आवाज यायला लागला. पेडल असेल म्हणून पेडल काढून ग्रीस लावलं, गेला नाही. क्रँकचा बोल्ट पाव फेरा फिरला. चौकोनी आसाचा ॲलॉय क्रँक पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये आणखी बसतो, म्हणून पुन्हा आवळायलाच लागतो. टॉर्कचा पाना मित्राकडून आणून ३५ ते ४० न्यूटन मीटरच्या मध्ये आवळला. ढिला चालवला असता तर चौकोनी भोक गोल होऊन क्रँक भंगारात.

गिअरचा फेरा, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढं जाते, ते मोजलं. व्हॉल्व्ह जमिनीला टेकवून खडूची खूण, ४८ × १४ वर (पुढे ४८, मागे १४ दाते) पेडल एक पूर्ण फेरा, परत खूण. ७.२ मीटर. यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) ज्युनिअर गटाची ७.९३ मीटरची मर्यादा २०२३ पासून राहिलेली नाही. तरी लहान गटांत आयोजकांचा काय नियम आहे, हे आधी विचारून घ्यावं. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच बसवले. उघड्या नळीचं टोक पोटात जातं, आणि तपासणीत सायकल बाजूला काढतात.

सीट ६५.३ वर होती, गुडघ्याच्या मागं ओढ लागते म्हणाली. ६४.८ केली. आता नाही.

आत्तापर्यंतचा खर्च चुकीच्या बीबीसकट सोळा हजारांच्या आतबाहेर. त्यात मजुरी जवळजवळ नाहीच, वेळ मात्र गेला.

९ नोव्हेंबर

चाचणी झाली, निवड झाली. सायकलला काही झालं नाही, हे मी आधी लिहितो. घरी आल्यावर लगेच चाकं तपासली: मागं अर्ध्या मिमीचा आउट, पुढं काहीच नाही.

पुतणीची तक्रार एकच. वाऱ्याविरुद्ध १६ दात्यांच्या चक्रावर जड जातं आणि १८ वर पाय रिकामे फिरतात. आमच्या फ्रीव्हीलचे दाते १४, १६, १८, २०, २२, २४, २८ आहेत. भेरूघाटाला ते योग्य, सपाट टाइम ट्रायलला फार अंतरानं आहेत. तिचं म्हणणं बरोबर आहे, मी स्वतः चालवून पाहिलं. आता १३ पासून २१ पर्यंतचं, मधे १५ आणि १७ असलेलं फ्रीव्हील शोधतोय. लुधियानाच्या एका पुरवठादाराकडं असेल म्हणतात. १३ दात्यांचं चक्र आलं की सर्वांत मोठा फेरा ७.८ मीटरच्या आत राहतो.

जुनं काढायला १२ खाचांची चावी लागेल, ती मागवली. पेडल मारून मारून फ्रीव्हील आपोआप आवळलं जातं, त्यामुळे ती वाइसमध्ये धरून चाकच फिरवावं लागणार. उस्तादांचा वाइस शनिवारी रिकामा असतो.